कोळशाच्या खाणीतला मजूर, महायुद्धातला शिपाई : साध्या माणसाचं चरित्र बरोबर कसं लिहावं?

पैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. किनवट तालुक्यातल्या एका गावाची स्मरणिका निघायलीय. गावातून पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसांची छोटी चरित्रं त्यात घ्यायचीत. त्यातलं एक अडून बसलंय.

माणूस शेतमजूर. १९३० च्या दशकाच्या शेवटी बेल्लमपल्लीकडं (आताच्या तेलंगणात) कोळशाच्या खाणीत गेला, लढाईच्या काळात फौजेत भरती झाला, १९४६ मध्ये सुटून आला आणि पुढं परत खाणीतच. आज यापलीकडं सविस्तर सांगणारं कुणी नाही. घरात शिल्लक आहे ते असं: एक पितळी बिल्ला, त्याच्यावर नुसता आकडा. मजुरीतून कापलेल्या रकमेची उर्दू पावती, तारीख 'तीर १३४९ फसली'. दोन चांदणीसारखी पदकं, एक गोल पदक. डिस्चार्जचा कागद वाळवीनं खाल्ला, त्यात नाव तेवढं राहिलंय.

सध्याच्या मसुद्यात 'काळोखात उतरून कष्ट उपसले आणि सातासमुद्रापार पराक्रम गाजवला' एवढंच आहे. हे वाक्य कुणालाही चिकटवता येतं. खाणीत तो नेमकं काय करत असेल, फौजेत कुठं असेल, कागद कुठं मागायचे, जाणकारांनी सांगावं. चुकीचं छापण्यापेक्षा कमी छापलेलं चालेल.

दफ्तरखाना

पावतीपासून सुरुवात करा, कारण तारखेचा एकमेव पक्का आधार तीच आहे.

निजामी राज्याचं फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. क्रम असा: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. आजूर ते बहमन या महिन्यांसाठी फसली सालात ५९० मिळवा, इस्फंदारपासून पुढं ५९१. बहमन संपता संपता इंग्रजी साल बदलतं, तिथं तारीख नीट बघा. तीर म्हणजे मोटामोटी मे. १३४९ अधिक ५९१ म्हणजे मे १९४०. म्हणजे त्या महिन्यापर्यंत माणूस खाणीत होता आणि भरती त्यानंतरची. सरसकट ५९० मिळवलं तर वर्षभराची चूक होते आणि फौजेतला सगळा हिशेब बिघडतो.

दुसरं, पावतीवरची रक्कम हाली आहे की कलदार ते बघा. निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार यांचा भाव ७ हालीला ६ कलदार असा धरत. शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. खाणीची कमाई आणि फौजेचा पगार शेजारी शेजारी मांडणार असाल तर दोन्ही एकाच नाण्यात आणा. 'नवे पैसे' एप्रिल १९५७ चे, ते या काळात घुसू देऊ नका.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. किनवट १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, नांदेडात नव्हतं. जुन्या कागदात गाव शोधायचं तर 'जिल्हा आदिलाबाद' म्हणून शोधा. नांदेड नाव टाकून मागितलेला शोध रिकामा येईल आणि तुम्ही समजाल की नोंदच नाही. निजामकाळचं दफ्तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे, बरंचसं उर्दूत.

ओव्हरमन

आता खाण. मराठवाड्याच्या पोटात बेसाल्ट आहे, कोळसा नाही. कोळसा गोंडवाना थरात, म्हणजे पूर्वेला प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात आणि वर वर्धा खोऱ्यात. म्हणून किनवट, माहूर पट्ट्यातल्या माणसाला खाण जवळ होती, बीड-उस्मानाबादच्या माणसाला नव्हती. निजामाच्या राज्यात १८७१ मध्ये भूवैज्ञानिक विल्यम किंग यांना येल्लंदूजवळ कोळसा सापडला, १८८६ मध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी निघाली, १८८९ पासून उत्पादन. १९२० मध्ये सिंगरेणी कॉलियरीज कंपनी निघाली आणि तिनं त्या कंपनीचा सगळा कारभार घेतला. बेल्लमपल्लीकडच्या खाणी त्यानंतर, काझीपेठ-बल्लारशा रेल्वेच्या काळातल्या. १९४५ च्या शेवटी बहुतांश शेअर निजाम सरकारनं घेतले. म्हणजे तुमचा माणूस गेला तेव्हा नोकरी खासगी कंपनीची, परत आला तेव्हा मालक सरकार. हे एक वाक्य चरित्रात जरूर घ्या.

पितळी बिल्ला दोन प्रकारचा असू शकतो. एक हजेरीचा: खाली उतरताना दिवाघरात बिल्ला द्यायचा, दिवा घ्यायचा, वर आल्यावर दिवा देऊन बिल्ला परत. पाळी संपल्यावर फळीवर बिल्ला लटकलेला राहिला तर माणूस अजून खाली आहे हे कळायचं. दुसरा टबाचा (टब म्हणजे कोळसा भरायची रुळावरची छोटी गाडी): भरणारा आपल्या नंबराचा बिल्ला भरलेल्या टबाला अडकवायचा, वर तो बघून टब त्याच्या नावावर चढायचा. टबाचे बिल्ले एका माणसाकडं एकाच नंबराचे अनेक असत. घरात एकच उरलाय म्हणून ठाम काही सांगता येत नाही, 'खाणीचा नंबराचा बिल्ला' एवढंच लिहा.

काम कसं चाले? बोर्ड अँड पिलर पद्धत. कोळशाच्या थरात उभे-आडवे बोगदे, म्हणजे गॅलऱ्या, काढत जायचं आणि मधे चौकोनी कोळशाचे खांब छत धरायला सोडायचे. पहिल्या फेरीत निम्म्याहून बराच कमी कोळसा निघतो, बाकी खांबांत राहतो. खांब केवढा ठेवायचा हे खोली आणि गॅलरीची रुंदी ठरवते. पुढं १९५७ च्या नियमांत हे आकड्यात आलं: गॅलरी जास्तीत जास्त ४.८ मीटर रुंद, ३ मीटर उंच. एवढ्या रुंदीला ६० मीटर खोलीपर्यंत खांब मध्यापासून मध्यापर्यंत किमान १९.५ मीटर, ३६० मीटरच्या खाली ४८ मीटर. वरच्या दगडाचा भार वाढतो तसा खांब जाड लागतो. १९४० चं चित्र रंगवताना हे आकडे जसेच्या तसे वापरू नका, पण तत्त्व तेच.

हातकामाच्या खाणीत फेसवर, म्हणजे कोळसा फोडायच्या तोंडावर, आधी टिकावानं कोळशाच्या तळाला आडवी खाच घ्यायची, तीन-चार फूट आत. माणूस कुशीवर किंवा उकिडवा बसून हे करतो. मग वरच्या भागात हातानं फिरवायच्या ड्रिलनं भोक पाडायचं, त्यात दारू, वर मातीच्या गोळ्या ठासून. ठासायला लाकडी दांडाच हवा, लोखंडाची ठिणगी पडते. माती कमी ठासली तर बार कोळसा न फोडता भोकातून बाहेर येतो आणि त्याची ज्वाळा गॅस किंवा कोळशाची धूळ पेटवते. तळाची खाच नीट नसेल तरी तेच, बाराला सुटायला जागा मिळत नाही. बार झाल्यावर धूर निघेपर्यंत आत जायचं नाही, त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो.

बार फुटलाच नाही तर खरी परीक्षा. वातीचा असेल तर अर्धा तास कुणी जवळ जायचं नाही, विजेचा असेल तर पाच मिनिटं. त्या भोकातली दारू उकरून काढायची नाही. निदान ३० सेंटिमीटर बाजूला समांतर दुसरं भोक मारून ते उडवायचं. ते तिरपं गेलं की पहिल्याला जाऊन भिडतं, अपघात तिथंच होतात.

मग टब भरणं. खोरं आणि टोपली. टबात दगड गेला किंवा टब अपुरा भरला की मजुरी कापायची. तुमच्या पावतीवरची कपात त्याची असेल, उचलीची असेल, दुकानाची असेल. उर्दू वाचणाऱ्याकडून तो एक शब्द आधी वाचून घ्या.

बालाघाट

ओव्हरमन, छताबद्दल सांगा ना. स्मरणिका वाचणाऱ्याला बार कळेल, पण खाणीत माणसं सगळ्यात जास्त कशानं मरतात ते कळत नाही.

ओव्हरमन

बरोबर, छतानंच. स्फोटाच्या बातम्या होतात, पण छत एकेकट्याला घेतं.

अनुभवी माणूस फेसवर पोचला की पहिलं काम छत ठोकून बघणं. एका हातात काठी किंवा पहार, दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकलेली. घट्ट छत ठणठणीत वाजतं. थर सुटलेला असेल तर आवाज फुटक्या मडक्यासारखा भद्द येतो आणि बोटांना थरथर जाणवते. कोपरे आणि सांधे आधी बघायचे, कारण दोन भेगा एकमेकींना भेटतात तिथला तुकडा काही न सांगता सुटतो. सुटलेला तुकडा लांब पहारेनं, स्वतः पक्क्या छताखाली उभं राहून पाडायचा. तो पडत नाही म्हणून त्याच्याखाली टेकू देऊन काम चालू ठेवणं ही नेहमीची चूक.

टेकू लाकडी. सरळ गाठ नसलेला खांब, तळ पक्क्या जमिनीवर, कोळशाच्या चुऱ्यावर नाही. डोक्यावर आडवी फळी आणि पाचर ठोकून घट्ट. चुऱ्यावर उभा केलेला खांब भार आला की खाली रुततो, म्हणजे तो दिसायला आहे, धरायला नाही. जुने लोक लाकडावर विश्वास ठेवत त्याचं कारण आहे. मोडायच्या आधी ते कडकडतं, तंतू चिरतात, फळी चेपते. पळायला तेवढा वेळ मिळतो. डिपिलरिंगला, म्हणजे सोडलेले खांब काढायच्या कामाला, हा कान असलेला माणूस सोन्याचा. तिथं छत पाडायचंच असतं, प्रश्न फक्त ते माणसं निघाल्यावर पडावं एवढा.

गॅसचं थोडक्यात. मिथेन हलका, छताशी साठतो. हवेत ५ ते १५ टक्के झाला की पेटतो, साडेनऊच्या आसपास सगळ्यात जोरात. कार्बन डायऑक्साईड जड, तळाशी आणि उताराच्या शेवटी. म्हणून सेफ्टी लॅम्प (जाळीत बंद ज्योतीचा दिवा) छताशी नेऊन मिथेन बघतात, खाली नेऊन दुसरा. वात बारीक करून दिवा सरळ धरून हळू वर न्यायचा, ज्योतीवर निळसर टोपी दिसते. सव्वा टक्क्याला ती नजरेत येते आणि तेवढ्यावर माणसं बाहेर काढायची. ज्योत आत भडकली तर फुंकायचं नाही, झटकायचं नाही, दिवा हळू खाली आणायचा. दिवा विझला तर प्राणवायू १६-१७ टक्क्यांवर आला असं समजून मागं फिरायचं.

पाळीच्या आधी सरदार, म्हणजे खाणीतला तपासणारा मुकादम, हे सगळं तपासून फेसवर खडूनं तारीख आणि सही टाकतो. ती खूण नसेल तिथं जायचं नाही. गॅस नसलेल्या खाणीत उघडे दिवे, कार्बाईडचे किंवा तेलाचे, सर्रास असत. डोक्याला बॅटरीचा दिवा आणि फायबरचं हेल्मेट लावलेला माणूस १९३९ च्या चित्रात काढू नका.

पदकसंग्रह

आता पदकं. इथं नुसत्या रंगांवरून बरंच कळतं, म्हणून रिबनी धुऊ नका आणि पदकं ब्रासोनं घासू नका.

सहा टोकांची कांस्याची चांदणी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला स्टार. प्रत्येकाची रिबन वेगळी. गडद निळा-लाल-फिका निळा असे तीन सारखे पट्टे: १९३९-४५ स्टार, साधारण सहा महिने प्रत्यक्ष मोहिमेच्या क्षेत्रात असणाऱ्याला. मातकट फिकी पट्टी, मधोमध लाल, एका बाजूला बारीक गडद निळी आणि दुसऱ्या बाजूला बारीक फिकी निळी रेघ: आफ्रिका स्टार, १० जून १९४० ते १२ मे १९४३. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल: इटली स्टार, ११ जून १९४३ ते ८ मे १९४५. मधे रुंद लाल, दोन्हीकडं गडद निळं आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ: बर्मा स्टार, ११ डिसेंबर १९४१ पासून २ सप्टेंबर १९४५.

गोल पदक वॉर मेडल असेल किंवा इंडिया सर्व्हिस मेडल. निळ्याच्या दोन छटा असतील तर दुसरं.

आणि सगळ्यात मोलाचं: हिंदी फौजेला दिलेल्या पदकांवर बहुधा नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. चांदणीच्या सपाट मागच्या बाजूवर, गोल पदकाच्या कडेवर. तिरक्या उजेडात भिंगानं बघा. अक्षर बारीक आणि संक्षेपात असतं.

पैनगंगाकाठ

बघितलं. एक रिबन मातकट, मधे लाल. दुसरी लाल-पांढरी-हिरवी. गोल पदकाची रिबन गायब. मागच्या बाजूला नंबर आहे, त्याच्यापुढं 'एस.पी.आर.' अशी अक्षरं, मग नाव, मग 'एस' आणि 'एम' मधे काहीतरी. हा काय प्रकार?

पदकसंग्रह

एस.पी.आर. म्हणजे सॅपर. एस अँड एम म्हणजे सॅपर्स अँड मायनर्स, फौजेचे इंजिनिअर. पायदळातला शिपाई असता तर 'सेपॉय' आणि पलटणीचं नाव आलं असतं.

आफ्रिका आणि इटली दोन्ही आहेत म्हणजे १२ मे १९४३ च्या आत तो आफ्रिकेच्या मोहीम क्षेत्रात पोचला आणि पुढं इटलीत गेला. मे १९४० ची पावती धरली तर भरती त्यानंतर, वर प्रशिक्षणाचे महिने. केरेनची (पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियातली) लढाई फेब्रुवारी-मार्च १९४१ ची. तिथं असणं अशक्य नाही, पण पुराव्याशिवाय लिहू नका. आणि एक पदक हरवलंय असं जवळपास नक्की. या दोन्ही चांदण्या ज्याला मिळाल्या त्याला १९३९-४५ स्टार मिळालेला असतोच म्हणायला हरकत नाही. घरात परत शोधा, बऱ्याचदा लग्नाच्या पेटीत किंवा देव्हाऱ्यामागं सापडतात.

खडकीचा सॅपर

सॅपर आहे कळल्यावर हे चरित्र एकदम वेगळं होतं. तीन तुकड्या होत्या: बंगाल सॅपर्स रुरकी, मद्रास सॅपर्स बंगळूर, बॉम्बे सॅपर्स खडकी. मराठी माणूस सहसा खडकीला. पण कोळसापट्टा तेलुगू मुलखातला, तिथून बंगळूरलाही भरती होई. त्यामुळं दोन्ही रेकॉर्ड ऑफिसना विचारावं लागेल.

भरती करणाऱ्यानं खाणीतला माणूस म्हणून सॅपर्समध्ये घातलं का? हे कागदाशिवाय म्हणता येणार नाही. पण काम शेजारी शेजारी ठेवलं तर वाचकाला स्वतःच दिसेल. पहार, टिकाव, खोरं, दारू, वात, ठासायचा दांडा, न फुटलेला बार, लाकडाचा टेकू. यातलं काहीच त्याला नवं नव्हतं. नवं होतं ते शत्रूनं जमिनीत पेरलेले सुरुंग.

आफ्रिकेच्या वाळवंटात सुरुंग काढायची दोन साधनं. एक डिटेक्टर, तो धातू ओळखतो. दुसरं संगीन. पोटावर झोपून, संगीन जमिनीशी साधारण ३० अंशाच्या तिरक्या कोनात, हळू ढोसत जायचं. उभी खुपसली तर वरचा दाबाचा भागच टोचला जातो. तिरकी असली तर बाजूला लागते. काही लागलं की हातानं वाळू बाजूला, खाली दुसरी तार किंवा दुसरा सुरुंग बांधलाय का ते बघायचं, मग सुरक्षेची पिन घालायची, मग उचलायचा. घाईत उचलणाऱ्यासाठीच खाली दुसरा बांधलेला असे. इटलीत अवघड झालं कारण जर्मनांनी लाकडी पेटीतले शू-माइन पेरले, डिटेक्टरला ते कळत नसत. तिथं संगीन आणि बोटंच.

याच कामाचं सगळ्यात मोठं उदाहरण बॉम्बे सॅपर्सचंच आहे. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारी १९४१ च्या सुरुवातीला अबिसीनियात (आताच्या इथिओपियात) सलग ९६ तास, ५५ मैल रस्त्यावर, १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी केली. स्फोटांनी कानाचा पडदा फाटला तरी काम चालू. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. चरित्रात हे द्यायचं तर 'त्याच दलातले' एवढंच द्या, तुमच्या माणसाला त्यांच्या शेजारी उभं करू नका.

इटलीतलं दुसरं काम पूल. जर्मन माघार घेताना प्रत्येक पूल उडवत आणि त्या देशात ओढे-नद्या हाताहाताला. बेली पुलाचा एक पॅनेल १० फूट लांब, ५ फूट उंच, वजन सुमारे ५७० पौंड. सहा माणसं दांडे घालून उचलत. पॅनेलला पॅनेल पिनांनी जोडत अख्खा सांगाडा रोलरवरून पलीकडं ढकलायचा. पुढं हलकं टोक जोडलेलं असतं, त्यामुळं पलीकडच्या काठाला टेकेपर्यंत पूल पुढच्या टोकानं खाली आपटत नाही. मागचं वजन कमी पडलं तर आपटतो. हे सगळं रात्री, उजेड न करता, तोफा चालू असताना. कोपरं, बोटं चेपणं ही रोजची जखम, पण तिची नोंद पदकात होत नाही.

बालाघाट

इथं एक जोडून देतो. त्याच वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, १९४२ ते १९४६. कोळशाची टंचाई एवढी की ब्रिटिश हिंदुस्थानात बायकांना खाणीत खाली उतरवण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठवली; ती फेब्रुवारी १९४६ पासून परत लागू झाली. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादला जाऊन स्वतः खाणीत उतरले आणि जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा अध्यादेश निघाला: दवाखाना, पाणी, घरं यांसाठी कोळशावर उपकर. महार रेजिमेंटही त्याच काळातली, १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात पहिली बटालियन उभी राहिली. स्मरणिकेतल्या इतर शिपायांच्या नावांत महार रेजिमेंट असेल तर ते जरूर घ्या, आमच्या भागात हा इतिहास गावागावात आहे आणि लिहिला मात्र गेलेला नाही.

दफ्तरखाना

एक मर्यादा लक्षात ठेवा. हे अध्यादेश ब्रिटिश हिंदुस्थानचे. निजामाचं राज्य वेगळं, तिथले कायदे वेगळे. 'बाबासाहेबांच्या अध्यादेशामुळं बेल्लमपल्लीत दवाखाना आला' असं थेट लिहू नका. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं, १९५२ चा खाण कायदा मग सगळीकडं सारखा. तुमचा माणूस १९४६ ला परतला म्हणजे पुढची दोन वर्षं, रझाकारांची, त्यानं संस्थानातच काढली. फौजेतून सुटलेल्या माणसाला त्या काळात गावात काय वाटा होता, हे गावातल्या सत्तरी-ऐंशीच्या लोकांना त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं असू शकतं. तेवढा एक प्रश्न घेऊन फिरा.

पैनगंगाकाठ

एक अजून. घरचे म्हणतात शेवटी 'दम लागून' गेले, खाणीच्या धुळीनं. हे लिहावं का?

ओव्हरमन

'घरच्यांच्या सांगण्यानुसार दम्यासारख्या त्रासानं' एवढं लिहा. कोळशाच्या धुळीनं फुफ्फुसाचा आजार होतो हे खरं, बारीक धूळ, पाच मायक्रॉनच्या आतली, आत जाऊन बसते. पण तो सहसा दहा-बारा वर्षांच्या पुढच्या कामानंतर दिसतो. युद्धाआधीची दोन-तीन वर्षं पुरेशी नाहीत, १९४६ नंतरची नोकरी किती होती त्यावर अवलंबून. दगडात बोगदा मारणाऱ्याला सिलिकाची धूळ लागते, ती जास्त वाईट. म्हणून तो कोळशाच्या फेसवर होता की दगडाच्या ड्रिफ्टवर (दगडातल्या बोगद्यात) हे कळलं तर फरक पडेल. क्षय, विडी आणि चुलीचा धूर यांचाही दम तसाच दिसतो. एक्स-रे नसताना कारण ठरवू नका.

नोकरीची वर्षं कळण्यासाठी भविष्यनिर्वाह निधीचा नंबर शोधा. कोळसा खाण भविष्यनिर्वाह निधी १९४८ चा आहे. ट्रंकेत एखादं जुनं कार्ड किंवा वारसाचा फॉर्म असेल तर त्यावर खाणीचं नाव आणि रुजू तारीख मिळते.

खडकीचा सॅपर

रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसं लिहायचं ते सांगतो, कारण अर्धी पत्रं अपुऱ्या माहितीमुळं परत येतात.

दोन स्वतंत्र पत्रं: बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं रेकॉर्ड ऑफिस खडकी, मद्रास इंजिनिअर ग्रुपचं बंगळूर. पदकावरचा नंबर जसा ठोकलाय तसाच, मधली जागा, अक्षर काही न गाळता. सगळ्यात वर तोच लिहा. नाव पदकावरच्या इंग्रजी स्पेलिंगनं आणि खाली घरात म्हणतात तसं, दोन्ही. फौजेच्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं, आडनाव बऱ्याचदा नसतंच, तिथं वडिलांचं नाव असतं. गाव, तालुका आणि जिल्हा आदिलाबाद, निजाम स्टेट. खाली आत्ताचा जिल्हा नांदेड. भरती मे १९४० नंतर, सुटका १९४६ असा अंदाज. पदकांच्या मागच्या बाजूचे स्पष्ट फोटो. पत्र लिहिणाऱ्याचं नातं आणि वारस असल्याचा दाखला. नांदेडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलं तर वजन येतं आणि उत्तर कुठं अडलं ते विचारता येतं.

मागायचं काय? शीट रोल आणि किंड्रेड रोल, या नावांनीच मागा. पहिल्यात भरतीची तारीख आणि जागा, उंची, व्यवसाय, बदल्या, परदेशात गेल्या-आल्याच्या तारखा, आजारपण, शिक्षा, सुटकेचं कारण. दुसऱ्यात घरच्या माणसांची नावं. व्यवसायाच्या रकान्यात 'मायनर' लिहिलेलं निघालं तर तुमचा खाणीपासून फौजेपर्यंतचा दुवा कागदावर आला. 'कल्टिव्हेटर' निघालं तरी हिरमुसू नका, कारकून गावच्या माणसाला न विचारता तेच लिहीत.

मसुद्यातली 'पराक्रम' आणि 'कष्ट उपसले' ही दोन्ही वाक्यं काढून टाका, हे मी मनापासून सांगतो. छत कसं ठोकायचं, संगीन कुठल्या कोनात धरायची, पॅनेल किती जणांनी उचलायचा, हे लिहा. अशा हजारो माणसांच्या वाट्याला नाव सोडून काही आलं नाही. त्यांचं काम तरी बरोबर लिहिलं जावं.

पैनगंगाकाठ

उर्दू पावती वाचून घेतली. कपात 'दुकान' म्हणून आहे, रक्कम हाली. बिल्ल्याचा फोटो आणि पदकाच्या मागचा नंबर घेऊन सोमवारी नांदेडला सैनिक कार्यालयात जायलोय. ट्रंकेत निधीचं कार्ड शोधायला घरच्यांना लावलंय. तोवर चरित्र थांबवलं, छपाईला बाकीची पानं देऊन टाकली.

पदकसंग्रह

सोबत पदकांचा समोरचा फोटोही ठेवा, रिबनीसकट. तिसरी चांदणी सापडली तर रिबन नसली तरी चालेल, वर्तुळातली अक्षरं वाचा, नाव तिथंच लिहिलेलं असतं.